मुक्या अक्षराचं पान

पुण्याच्या कॉलेजात दोन वर्षं माझं नाव ‘कनिघट’ होतं. कोंडीबा हे खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं. खाणावळीत, वसतिगृहात, नळावर सगळीकडे कनिघट. एकदा तर खाणावळीच्या आचाऱ्यानंही विचारलं, “कनिघट, आमटी वाढू का?”

त्याचं असं झालं. पहिल्याच आठवड्यात इंग्रजीच्या गोऱ्या प्रोफेसरांनी मला उभं करून धडा वाचायला सांगितला. धड्यात घोड्यावर बसलेला, चिलखत घातलेला एक योद्धा होता. त्याला इंग्रजीत लिहितात के, एन, आय, जी, एच, टी आणि म्हणतात नुसतं ‘नाइट’. मला लहानपणी जसं शिकवलं होतं तसं मी छाती काढून, खणखणीत आवाजात म्हणालो, “कनिघट!” प्रोफेसरांनी चष्मा काढला. ही कोणती भाषा, असं त्यांनी मला अगदी सभ्यपणे विचारलं. मग वर्ग हसला. आमच्या शेजारच्या मोहोळच्या बाजारात बैल उधळला आणि मामलेदारांच्या अंगावर चिखल उडाला, तेव्हाही एवढी माणसं एकदम हसली नव्हती.

ही कनिघट नावाची देणगी मला सोलापुरात, शुक्रवार पेठेतल्या आमच्या शाळेत मिळाली होती. देणारे शिवपुत्र मास्तर.

सुताच्या एका व्यापाऱ्याच्या गोदामावर तीन खोल्या, एवढीच ती शाळा. त्यातल्या पहिल्या खोलीत मास्तर अठ्ठावीस वर्षं इंग्रजी पहिली शिकवत होते. कपाळाला भस्म, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. शिकवण्याची पद्धत एकच: जे अक्षर लिहिलंय ते म्हणायचं. सोडायचं नाही. नाइफचं कनिफे, लिसनचं लिस्टेन, हाफचं हल्फ, टंगचं टोंगुए. स्वरांचंही तेच. ‘यू’ दिसला की ‘उ’. त्यामुळे आमच्यात ‘बुट’ आणि ‘पुट’ गुण्यागोविंदानं नांदत. इंग्रजांनी आपले स्वर मोकाट सोडलेत, एकच अक्षर इथं अ तर तिथं उ तर पलीकडे आणखी काही. मास्तरांनी ती सगळी गुरं दावणीला बांधली होती. चाळीस पोरं एका सुरात डोलत म्हणायची, “वेड-नेस-डे!” आणि खाली गोदामात सुताचे गठ्ठे मोजणारे हमाल मोजणी चुकायचे.

पोरं कुणी मराठी बोलणारी, कुणी कानडी, कुणी विणकरांच्या घरातली तेलुगू, कुणी दखनी. या चारी घरांत जे लिहिलं ते वाचतात. लिहून ठेवून न वाचण्याची चैन कुणालाच परवडणारी नव्हती. पुढं मी त्याच शाळेत शिकवायला लागलो, तेव्हा महबूब नावाच्या पोरानं एकदा विचारलंच, “मास्तर, बोलायचंच न्हाय तर त्यो के लिवायचा कशापायी?”

मास्तर पोरांना लाडानं कानडीतलं ‘तम्मा’ म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ. ते म्हणाले, “पंगतीत मुका मानूस बसला तर त्याचं पान मांडत न्हाईत काय, तम्मा? तो मागणार न्हाय. म्हणून आपणच नाव घेऊन वाढायचं की.”

यावर महबूबचं समाधान झालं. माझंही त्याच्या वयात झालं होतं. एक गोष्ट मात्र मी रागात असूनही कबूल करतो. मास्तरांच्या हाताखालून गेलेला मुलगा स्पेलिंग चुकत नसे. गिरण्यांच्या कचेऱ्या, रेल्वेचा मालधक्का, म्युनिसिपालिटी, कुठंही जागा निघाली की “शिवपुत्र मास्तरांचा आहे” एवढ्यावर काम होई. आमच्या गावचे अर्धे कारकून ओठ हलवत लिहायचे. त्यांच्या ओठांवर कनिफे आणि टोंगुए असायचं, हे फक्त आम्हा शिष्यांना माहीत.

इंटर पास होऊन मी सोलापुरात परतलो ते एकोणीसशे अठ्ठावीस साल. शाळेत इंग्रजी दुसरीची जागा निघाली होती. माझ्यासाठी शब्द मास्तरांनीच टाकला. “आपलाच मुलगा हाय, पुन्याला शिकून आलाय,” असं त्यांनी कमिटीपुढं अभिमानानं सांगितलं. पुण्यात काय शिकून आलोय, ते त्यांना कुठं ठाऊक होतं! मी एकच निश्चय करून आलो होतो. यापुढं सोलापूरच्या एकाही पोराला कुणी हसता कामा नये.

पहिल्या दिवशी मी फळ्यावर नाइफ लिहिलं आणि वर्ग गरजला, “कनिफे!” माझ्या अंगाची आग झाली. मी डस्टर टेबलावर असं आपटलं की पुढच्या रांगेतली तीन पोरं पांढरी झाली. मग सहा महिने मी रात्रंदिवस एकच काम केलं. मास्तरांनी नाव घेऊन वाढलेलं प्रत्येक पान मी उचलून फेकलं. के मुका, एल मुका, टी मुका. पोरं हळूहळू साहेबासारखी बोलायला लागली. नाइफ, लिसन, हाफ. मला धन्य वाटलं. मग सहामाही परीक्षा झाली. माझ्या साहेबांनी नाइफ एनपासून सुरू केली होती, लिसनमधला टी गाळला होता आणि हाफ तर एका पठ्ठ्यानं तीनच अक्षरांत उरकला होता.

पेपर पाहून हेडमास्तरांचा चेहरा पडला. मास्तरांनीही ते पेपर पाहिले. ते पोरांसमोर मला ‘तुम्ही’ म्हणत, एकांतात ‘तू’. त्या दिवशी एकांतात एवढंच म्हणाले, “कोंडीबा, या पोरांतली सायबासंगं बोलनार किती? एकबी न्हाय. लिवनार समदी. आपन लिवायचं इंग्रजी शिकवायचं की.”

मी बोललो होतो ना साहेबाशी! एकच शब्द बोललो आणि दोन वर्षं भोगला. पण हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगायची लाज वाटली, आणि खरं म्हणजे राग इतका होता की तो सांगून संपवायची इच्छा नव्हती.

त्यातच हेडमास्तरांनी मला बोलावून सांगितलं, “मास्तरांची मुदत मार्चात संपते. कमिटीला दोघांपैकी एकालाच पुढं ठेवता येईल. जानेवारीत इन्स्पेक्शन आहे. साहेबांचा शेरा बघून ठरेल. मास्तरांना मुदतवाढ, नाहीतर तुम्ही कायम.”

निनावी अर्ज ही आपल्या लोकांची फार जुनी सोय आहे. समोर बोलायची हिंमत नसली की माणूस सरकारला लिहितो आणि खाली सही करतो ‘एक हितचिंतक’. मी एका रविवारी दुपारी दार लावून बसलो. इन्स्पेक्टरांच्या कचेरीला इंग्रजीत अर्ज, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हातानं लिहिलं. या शाळेत एक शिक्षक मुकी अक्षरं म्हणायला शिकवतो, त्यामुळे इथली मुलं पुढं हास्यास्पद होतात, एका विद्यार्थ्याला तर पुण्याच्या कॉलेजात दोन वर्षं चिडवण्यात आलं, असं सगळं दोन पानं. मास्तरांचं नाव घातलं नाही. तेवढी सभ्यता आपल्यात आहे, असं मी मनाशी म्हणालो. ती सभ्यता नव्हती, भित्रेपणा होता.

लिहिता लिहिता दारावर थाप पडली. मी ज्यांच्याकडे खोली घेऊन राहत होतो त्या गंगम्मा बाहेर उभ्या होत्या. विणकराच्या घरातल्या बाई, तेलुगूतून मराठी बोलत आणि मला ‘पंतुलू’ म्हणत, म्हणजे गुरुजी.

“पंतुलू, पूजा चाललीय व्हय? मंत्र ऐकू येतेत लई वेळापास्नं.”

मी चपापलो. ‘प्रोनन्सिएशन’चं स्पेलिंग चुकू नये म्हणून मी मोठ्यानं म्हणत होतो: प्रो-नुन-सि-आ-टि-ओन.

जानेवारीत, संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेला आठ दिवस असताना इन्स्पेक्टरसाहेब आले. आजवर आलेले इन्स्पेक्टर आपल्यातलेच असत. मराठीत प्रश्न विचारत, पाट्या बघत आणि चहा घेऊन जात. हे मात्र खरे साहेब होते, गोरे, उंच, लाल कानांचे. हेडमास्तरांना घाम फुटला. त्यांनी मला बाजूला घेतलं. “कोंडीबा मास्तर, तुमचे उच्चार चांगले. तुम्ही साहेबांबरोबरच राहा. मला त्यांचं निम्मं कळत नाही.”

साहेब सरळ पहिल्या खोलीत शिरले. मास्तरांनी नवा रुमाल बांधला होता. पोरं उभी राहिली, बसली. साहेबांनी खिशातून कागद काढला आणि सांगितलं, दहा शब्द घालतो, पाटीवर लिहा. मी ते पोरांना मराठीत सांगितलं.

“नाइफ,” साहेब म्हणाले.

एकाही पेन्सिलीचा आवाज झाला नाही. पोरं एकमेकांकडे बघू लागली. साहेबांनी पुन्हा म्हटलं. मग ते मास्तरांकडे वळून म्हणाले, मुलांना माझ्या बोलण्याची सवय नसेल, तुम्ही तोच शब्द सांगा.

“यस सर,” मास्तर म्हणाले आणि हसून उभे राहिले.

साहेबांनी पुन्हा, जरा सावकाश, तेच सांगितलं.

“थँक यू सर,” मास्तर म्हणाले.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अठ्ठावीस वर्षं इंग्रजी शिकवणाऱ्या या माणसानं इंग्रजाच्या तोंडून इंग्रजी कधी ऐकलंच नव्हतं. साहेब काय म्हणतोय त्यातलं अक्षर त्यांना कळत नव्हतं. पहिल्या बाकावरून महबूबनं हळूच विचारलं, “मास्तर, सायेब काय म्हंत्यात?” चाळीस पोरं मास्तरांच्या तोंडाकडे बघत होती. त्यांनी पोरांकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मदत मागायला नव्हे. कुठं बघावं ते त्यांना कळेना, म्हणून.

मी जे मागितलं होतं तेच समोर चाललं होतं. आणखी थोडा वेळ गप्प राहिलो असतो तर नोकरी माझी होती. त्या क्षणी मी फार थोर विचार केला असं सांगायला मला आवडलं असतं. पण तसं काही झालं नाही. मला फक्त राग आला. साहेबाचा आला, पुण्याच्या त्या हसणाऱ्या पोरांचा आला आणि सगळ्यांत जास्त, डाव्या हातानं अर्ज लिहिणाऱ्या माझा आला. पोरांसमोर मास्तरांची अशी फजिती मला बघवेना. तोंड आपोआप उघडलं.

“कनिफे!” मी ओरडलो.

चाळीस पेन्सिली एकदम चालल्या.

साहेबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. क्षणभर थांबून ते म्हणाले, “लिसन.”

“लिस्टेन!”

“वेन्झडे.”

“वेड-नेस-डे!”

“टंग.”

“टोंगुए!”

साहेबांचे कान आणखी लाल झाले. पण ते हट्टी होते आणि मीही. दहाच्या दहा शब्द असेच झाले. ते हळू म्हणत, मी दणक्यात म्हणे. दारात उभे असलेले हेडमास्तर दोन्ही हातांनी मला गप्प राहायच्या खुणा करत होते. मग साहेबांनी पाट्या तपासल्या. चाळीस पाट्या, चारशे शब्द, त्यात चुका तीन. साहेबांनी मास्तरांचा हात हातात घेऊन दोनदा हलवला.

आणि मग त्यांनी खिशातून माझा अर्ज काढला.

तो हेडमास्तरांच्या हाती देत ते म्हणाले, असा एक अर्ज माझ्याकडे आला होता, मला तो अतिशयोक्तीचा वाटला होता. अर्जात शिक्षकाचं नाव नाही, पण आता नावाची गरजही उरलेली नाही. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, हे असले उच्चार कुठं शिकलात?

याच खोलीत, असं खरं उत्तर होतं. मास्तर शेजारीच उभे होते.

“मोहोळला, सर,” मी म्हणालो. मोहोळनं माझं काही वाकडं केलं नव्हतं, पण तोंडात तेच आलं.

साहेब मास्तरांना म्हणाले, या तरुण माणसाला काही महिने तुमच्या वर्गात बसवा, म्हणजे त्याचे उच्चार सुधारतील.

“यस सर,” मास्तर मनापासून म्हणाले. “थँक यू सर.”

शेरा आला. इंग्रजी पहिलीचं काम उत्कृष्ट, शिवपुत्र मास्तरांना दोन वर्षं मुदतवाढ द्यावी. सहायक शिक्षकाविरुद्धच्या तक्रारीची खातरजमा प्रत्यक्ष झाली, त्याला कायम करू नये. हेडमास्तर कळवळून म्हणाले, “अहो, तुमचे उच्चार तर सोन्यासारखे! त्या दिवशी झालं काय तुम्हाला?” सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, अर्जासकट. मी म्हणालो, “घाबरलो.” सांगोल्याच्या एका शाळेत गणिताला माणूस हवा होता, तिथं त्यांनी चिठ्ठी दिली.

जायच्या आदल्या संध्याकाळी मी ट्रंक भरत होतो. मास्तर आले. गंगम्मांनी दिलेलं पाणी प्यायले आणि ट्रंकेवर बसले. कोटाच्या खिशातून त्यांनी दोन चुरगळलेले कागद काढले आणि मांडीवर हातानं सारखे केले. मी लांबूनच ओळखले.

“हेडमास्तरांनी टोपलीत टाकला हुता. मी काढून घेतला,” ते म्हणाले. “अक्षर काय वळखू येत न्हाय. डाव्या हाताचं दिसतंय.”

मी हातातल्या सदऱ्याची घडी मोडून पुन्हा घातली.

“पन दोन पानांत चूक एकबी न्हाय, तम्मा. प्रोनुन्सिआटिओनसुदा बरोबर. हे सोलापुरात दुसऱ्या कुनाच्या पोराला जमनार?”

मी मान खाली घातली. त्यांनी मला शिव्या द्याव्यात, थोबाडीत मारावी, असं मला अगदी मनापासून वाटलं. ते चष्मा सावरून एका ओळीवर बोट ठेवत होते.

“हे खरं हाय काय? कॉलेजात दोन वर्सं हसले?”

“व्हय.”

“कुठल्या शब्दाला?”

“कनिघट.”

“मग काय म्हनायचं हुतं?”

“नाइट.”

“के?”

“मुका.”

“जी? एच?”

“ते बी मुके, मास्तर.”

त्यांनी बोटांवर मोजलं. “सातले… न्हाय, सहातले तीन मुके,” ते स्वतःशीच म्हणाले. मग म्हणाले, “मला एक कार्ड टाकायचं हुतंस की, कोंडीबा. दोन वर्सं लोकांकडून हसून घेतलंस, आन् सांगितलंस ते सायबाला. मला न्हाय.”

मी रडलो. चांगला घोडा झालेला, इंटर पास माणूस, भिंतीकडे तोंड करून रडलो. मास्तरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “त्या दिवशी सायेब काय बोलत हुता त्यातलं एक अक्षर मला कळलं न्हाय,” ते म्हणाले. “तू बोललास म्हनून झालं.” अर्ज त्यांनी घडी करून माझ्या ट्रंकेत, कपड्यांवर ठेवला. “असू दे तुझ्यापाशी. चांगला लिवलायस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सांगोल्याकडची मोटार गाठायला निघालो, तेव्हा वाटेत शाळा लागली. वरच्या खिडकीतून आवाज येत होता. “के, एन, आय, जी, एच, टी!” आणि मग चाळीस गळे एकदम, “कनिघट!” खाली हमाल गठ्ठे मोजत होते, ते थबकले आणि पहिल्यापासून मोजू लागले. मला तोच जुना राग आला. एवढं सगळं होऊन हेच? अठ्ठावीस वर्षांचं वळण एका रात्रीत जाईल अशी मी आशा केली होती, मीच मूर्ख. मी ट्रंक उचलली.

तेवढ्यात वरून मास्तरांचा एकट्याचा आवाज आला. अडखळत, नवीन पोरगं पहिला धडा म्हणतं तसा.

“लिवताना कनिघट. पुन्याला गेलात तर नाइट.”